शेळी वाचली, कोंबड्या का गेल्या?

(आमच्या बचत गटाने सामुदायिक रेडिओवर केलेले भाषण)

हातातलं काम चालू द्या, पण एवढं करा. परड्यात, खुराड्यापाशी कुठं कोंबडीच्या पंखाचं लांब पीस पडलं असेल तर उचलून आणा. कावळ्याचं मिळालं तरी चालेल. ते हातात धरूनच आजचं बोलणं ऐका.

आम्ही उजनीच्या पाणफुगवट्याच्या काठावरच्या, अकरा जणींचा गट आहे. आज पक्ष्याचं अंग आतून कसं असतं आणि ते उडण्याजोगं कसं घडलंय, यावर बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, हे तर शाळेतल्या पोरांचं. आम्हीही तसंच म्हणायचो. पण हे माहीत नव्हतं म्हणून आमच्या चौदा कोंबड्या एका रात्रीत गेल्या. त्यातल्या नऊ अंड्यावर आलेल्या तलंगा होत्या.

झालं असं. गटातून अंतर्गत कर्ज काढून आम्ही चौघींनी मिळून गावरान कोंबड्या घेतल्या. एकीच्या गोठ्याला लागून पत्र्याचं शेड होतं, तिथं त्यांना डालायचो. पौषाचे दिवस, थंडी मरणाची. कोंबड्या गारठून बसलेल्या बघून आमचा जीव राहीना. आम्ही शेडला चारी बाजूंनी ताडपत्री लावली, फटींत पोती कोंबली आणि मधोमध घमेल्यात गोवऱ्या नि बाभळीचा ढलपा पेटवून ठेवला. बाभळ ओली होती, धूर झाला. ‘ऊब राहील’ म्हणून दार लावून घेतलं. शेडच्या दुसऱ्या टोकाला एक शेळी बांधलेली होती.

सकाळी दार उघडलं तर शेळी उभी. डोळ्यांतून पाणी गळतंय, खोकतेय, पण जिवंत. आणि कोंबड्या आडव्या. काही तर बसल्या जागी माना टाकून.

कुणी म्हणालं मानमोडी आली, कुणी म्हणालं कुणीतरी काही घातलं. शेजारणीवर संशय घेण्यापर्यंत बोलणी गेली, खोटं कशाला सांगा. पण गटातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आक्कांनी एकच प्रश्न विचारला, “अगं, शेळीबी त्याच खोलीत व्हती की. तिला का नाही झालं काही?”

हाच प्रश्न घेऊन आम्ही दोन मेलेल्या कोंबड्या पिशवीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरताईंनी हातमोजे घातले, एक कोंबडी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “बघणार असाल तर दाखवते. पण मागं या, तोंडाला पदर लावा.” त्या तासाभरात जे बघितलं ते तुम्हाला सांगायचं आहे. आम्ही आयुष्यभर कोंबड्या कापल्या, साफ केल्या, शिजवल्या. पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितल्या.

डॉक्टरताईंचं पहिलं वाक्य असं होतं, “कोंबडी कितीही जमिनीवर फिरली तरी ती पक्षीच आहे. तिचं अंग उडायला केलेलं आहे. ते ध्यानात धरलं की तुमच्या शेळीचा प्रश्न सुटेल.”

आता ते पीस हातात घ्या.

पिसाच्या मधोमध दांडी आहे. ती बुडाशी पोकळ आहे, म्हणून हलकी. दांडीच्या दोन्ही बाजूंना केसांसारख्या बारीक काड्या एकमेकींना चिकटून आहेत. बोटाने त्या उलट्या दिशेने विस्कटा. फट पडली? आता बुडाकडून टोकाकडं दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढा. फट मिटली! काड्यांना डोळ्यांना न दिसणारे बारीक आकडे असतात, ते एकमेकांत अडकतात. आपल्या पर्सची चेन बंद व्हावी तसं. कोंबडी दिवसभर चोचीने अंग विंचरते, ती ही चेन लावत बसलेली असते. शेपटीच्या बुडाशी वरच्या अंगाला एक छोटी गाठ असते. साफ करताना आपण ती काढून टाकतो. ती तेलाची ग्रंथी. चोचीने ते तेल घेऊन ती पिसांना चोळते. त्याने पिसं मऊ राहतात आणि पाणी चटकन शिरत नाही.

आणखी एक बघा. पंखाच्या लांब पिसाची दांडी बरोबर मधोमध नसते. एका बाजूचा पट्टा अरुंद, दुसऱ्या बाजूचा रुंद. अरुंद बाजू वाऱ्याला सामोरी जाते. तिने वारा कापायचा आणि रुंद बाजूने वारा दाबायचा. अंगावरच्या मऊ पिसांत हा फरक नसतो, कारण त्यांचं काम फक्त ऊब धरायचं.

पीस कशाचं बनलंय? आपली नखं आणि केस ज्याचे, त्याच जातीच्या पदार्थाचं. तो पदार्थ प्रथिनाचा. म्हणून पिसं झडून नवी येतात तेव्हा कोंबडीला प्रथिनं फार लागतात आणि ती अंडी देणं थांबवते. ‘ही आता बाद झाली’ म्हणून आपण तिला बाजार दाखवतो. आम्हीही दाखवलाय. पिसं भरून आली की ती पुन्हा अंड्यावर येते. त्या दिवसांत तिला थोडी शेंगदाण्याची पेंड, किडेमुंग्या, उरलीसुरली डाळ जास्त मिळाली पाहिजे.

मग डॉक्टरताईंनी पंख ताणून धरला आणि म्हणाल्या, “तुमचा हात इथं ठेवा.” खरंच हातच तो! खांद्यापासून कोपरापर्यंत एक हाड, कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं, आपल्यासारखीच. पुढं मात्र पंजाची हाडं एकमेकांत जुळून गेलेली, बोटं तीनच राहिलेली. पक्ष्याने हात पंखाला दिला. म्हणून वेचायचं, उचलायचं, घरटं विणायचं, पिलाला भरवायचं, ही सगळी हाताची कामं त्याला चोचीने करावी लागतात. सुगरण पक्ष्याचा खोपा आठवा. तो सगळा चोचीने विणलेला असतो.

हाडं पोकळ असतात हे आपल्याला ठाऊक आहे. कोंबडीचं हाड दाताखाली कडकन मोडतं, बोकडाचं मोडत नाही. पण पोकळ म्हणजे कमजोर नव्हे. आतून बारीक आडव्या-तिरप्या काड्यांचा आधार असतो, पुलाच्या लोखंडी कैचीसारखा. बांबू आतून पोकळ असूनही वाकत नाही तसंच हे. आणि पाठीची, कमरेची बरीच हाडं एकमेकांत जुळून एक कडक सांगाडा झालेला असतो. उडताना पंख जोर लावतात, तेव्हा मधलं अंग लवलं तर तो जोर वाया जाईल. घराचं आढं डुगडुगत असेल तर छप्पर टिकेल का?

गळ्याच्या बुडाशी, छातीच्या वर, चिमट्याच्या आकाराचं एक हाड असतं. रस्सा वाढताना ते पोरांच्या वाट्याला येतं आणि पोरं ते ओढून मोडतात. पंख खाली जाताना तो चिमटा फाकतो आणि वर येताना मिटतो. तो स्प्रिंगसारखं काम करतो.

आणि छातीचं हाड! आपलं छातीचं हाड सपाट. पक्ष्याचं नावेच्या तळासारखं, मधोमध उभी कड असलेलं. त्या कडेच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं. आपण ज्याला छातीचा पीस म्हणतो, तेच उडण्याचं इंजिन. कबुतराच्या अख्ख्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा या मांसाचा असतो.

इथं आम्ही विचारलं, पंख खाली ओढायला छातीचं मांस ठीक, पण वर कोण उचलतं? आम्हाला वाटलं पाठीवर मांस असेल. पाठ तर कोरडी. पाठीवर खायला काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे. डॉक्टरताईंनी छातीचा मोठा तुकडा बाजूला केला. त्याच्याखाली लांबट, वेगळा सुटणारा दुसरा तुकडा निघाला. त्याला दोरीसारखी पांढरी शीर. ती शीर खांद्याच्या भोकातून वर जाऊन पंखाच्या हाडाला वरून जोडलेली. ताईंनी ती चिमट्याने खाली ओढली आणि मेलेल्या कोंबडीचा पंख वर उचलला गेला!

आक्का पटकन म्हणाल्या, “आगं, हा तर रहाट!” अगदी बरोबर. विहिरीवर आपण दोर खाली ओढतो आणि चाकावरून पोहरा वर येतो. तसंच हे. त्यामुळे पंख वर नेणारं आणि खाली आणणारं, दोन्ही वजनदार मांसं छातीलाच, खालच्या अंगाला राहतात. खाली वजन असलं की उडताना तोल जात नाही. डोक्यावर दोन हंडे असताना जड हंडा खाली ठेवतो ना, तसं.

आता स्वयंपाकातली एक गोष्ट. कोंबडीच्या छातीचं मांस पांढरट का आणि तंगडीचं लालसर का? जे मांस दिवसभर दमादमाने काम करतं त्याला सतत रक्त आणि प्राणवायू लागतो, ते गडद असतं. कोंबडी दिवसभर चालते, म्हणून तंगडी गडद. उडते ती एक झेप, कुत्रं आलं तर भिंतीवर. त्या झटक्यापुरतं छातीचं मांस पांढरं. कबुतर कोसन् कोस उडतं, म्हणून त्याच्या छातीचं मांस गडद लाल. आपल्या गावरान कोंबडीचा पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. तो रात्री झाडावर बसतो. आपली कोंबडीही सोडली तर दिवस मावळताना बाभळीवर चढते. ती सवय तिच्या रक्तातलीच आहे. म्हणून खुराड्यात जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर आडवी काठी लावली की ती निवांत बसते.

ताईंनी पोट उघडलं तसं आम्हाला एक लक्षात आलं. या अंगात फाजील वजन कुठंच ठेवलेलं नाही.

दात नाहीत. दात म्हटले की जड जबडा आला, डोकं जड झालं, तोल गेला. मग दाणा दळायचा कुठं? कलेजीबरोबर येणारी ती जाड, चिवट पिशवी तुम्ही चिरून साफ करता, आत खडे निघतात. तेच तिचं जातं. बरोबर पोटाच्या मध्यावर ठेवलेलं, म्हणजे वजन मधोमध. म्हणूनच कोंबड्यांना खुराड्यात डांबून दाणे घालत असाल तर बारीक खडे, वाळूही मिळू द्या. खडे नसतील तर जातं फिरणार कसं?

लघवीची पिशवी नाही. पाणी साठवून वजन वाहायचं नाही, म्हणून मूत्र घट्ट पांढऱ्या चुन्यासारखं विष्ठेबरोबरच पडतं. शिटेवरचा पांढरा भाग तोच. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आणि आता आपल्या बायकांची गोष्ट. बाईला दोन बीजकोश असतात. कोंबडीच्या पोटात मात्र डाव्या बाजूचा एकच वाढतो आणि कामाला लागतो. उजवा खुंटून जातो. एका वेळी एकच अंडं तयार होऊन बाहेर पडतं. गाय-म्हशीसारखं पिलू पोटात वागवत उडता येईल का? म्हणून पिलू वाढवायचं ते बाहेर, कवचाच्या घरात.

एक अंडं तयार व्हायला साधारण पंचवीस तास लागतात. त्यातले वीसएक तास कवच चढण्यातच जातात. म्हणून कोंबडी आज सकाळी आठला अंडं देते, उद्या थोडं उशिरा, परवा आणखी उशिरा आणि मग एक दिवस खाडा पडतो. तो खाडा रोगाचा नसतो, तिच्या घड्याळाचा असतो. एका कवचाला सुमारे दोन ग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम लागतं. अंड्यावर यायच्या आधी कोंबडी आपल्या पायांच्या पोकळ हाडांत जास्तीचा चुना साठवून ठेवते आणि रात्री कवच चढताना त्यातून काढते. खाण्यातून भर पडली नाही तर ती आपली हाडंच झिजवत राहते. बाळंतपणामागून बाळंतपण झालेल्या आपल्या आयांची कंबर कशी जायची, ते आठवलं आम्हाला. शिंपल्याचा चुरा नाहीतर अंड्याची टरफलं वाळवून, भाजून, कुटून घालत जा. अख्खी टरफलं टाकू नका, अंडी फोडून खायची सवय लागते.

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. शेळी वाचली, कोंबड्या का गेल्या?

उडणं हे फार मेहनतीचं काम. डोक्यावर भारा घेऊन चढ चढताना आपला जसा श्वास लागतो, तसा श्वास पक्ष्याला उडताना सतत लागतो. त्यासाठी त्याचं काळीज झपाट्याने चालतं. आपलं मिनिटाला सत्तर-ऐंशी ठोके देतं, कोंबडीचं स्वस्थ बसल्या जागीही अडीचशेच्या घरात. आणि श्वासाची रचना तर आपल्याहून अगदी निराळी.

आपलं फुप्फुस म्हणजे एकच दार असलेली खोली. हवा त्याच दाराने आत, त्याच दाराने बाहेर. थोडी शिळी हवा नेहमीच आत राहते. पक्ष्याचं फुप्फुस म्हणजे पुढं दार आणि मागं दार असलेलं घर. वारा एका बाजूने शिरतो, दुसऱ्या बाजूने निघतो. हे जमतं कसं? फुप्फुसाच्या पुढं-मागं पातळ पडद्याच्या हवेच्या पिशव्या असतात. कोंबडीला साधारण नऊ. ताईंनी त्यातली एक दाखवली. ओल्या प्लास्टिकच्या कागदासारखी पातळ, आरपार दिसणारी. साफ करताना आपल्या हाताने त्या फाटून जातात, म्हणून कधी दिसल्याच नव्हत्या. या पिशव्या म्हणजे लोहाराचा भाता. फुप्फुस स्वतः फारसं फुगत-आकसत नाही. भाते हलतात आणि हवा फुप्फुसातून एकाच दिशेने सरकत राहते. घेतलेला एक श्वास सगळा बाहेर पडायला दोनदा भाता हलावा लागतो. त्यामुळे पक्षी श्वास घेत असो की सोडत असो, फुप्फुसाला ताजी हवा मिळतच राहते. पिशवीचा एक फाटा तर पंखाच्या वरच्या पोकळ हाडातही शिरतो.

या श्वासाची ताकद बघायची असेल तर आपल्या उजनीवरच बघा. हिवाळ्यात इथं राखाडी अंगाची, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेली बदकासारखी पाखरं उतरतात. ते पट्टकदंब. ती हिमालय ओलांडून येतात. पाठीवर यंत्र लावून शास्त्रज्ञांनी त्यांच्या उड्डाणाची उंची मोजली, तेव्हा सात हजार मीटरच्या वर नोंद मिळाली. तिथली हवा इतकी विरळ असते, की आपल्याला चार पावलं चालताना धाप लागेल. ही पाखरं तिथं पंख मारत असतात.

पण मैत्रिणींनो, जे अंग चांगली हवा इतकी चटकन ओढून घेतं, ते वाईट हवाही तितक्याच चटकन ओढून घेतं. कोंडलेल्या जागेत लाकूड, गोवऱ्या, कोळसा धुमसला की विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा अडवतो. शेळीच्या रक्तात तो हळूहळू भरत होता, कोंबड्यांच्या रक्तात झपाट्याने भरला. ताईंनी मांस दाखवलं, नेहमीपेक्षा लालभडक होतं. त्या वायूने रक्ताचा रंग असा होतो.

पूर्वी इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणीत कामगार पिंजऱ्यातून कॅनरी नावाचा छोटा पिवळा पक्षी घेऊन उतरायचे. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने ते सुचवलं होतं. विषारी वायू असेल तर माणसाच्या आधी पाखरू कोसळायचं आणि माणसं बाहेर पळायची. १९८६ मध्ये त्यांच्या जागी यंत्रं आणायचं ठरेपर्यंत ही पद्धत चालू होती. आमच्या शेडमध्ये कोंबड्यांनी तेच काम केलं म्हणायचं. आणखी काही वेळ तसाच धूर राहिला असता तर शेळीही गेली असती. आणि आमच्यातल्या एकीचा मुलगा त्या रात्री ‘राखायला झोपतो’ म्हणत होता. थंडी म्हणून आम्ही त्याला घरी बोलावलं. त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून आम्ही किती वेळ गप्प होतो, ते आमचं आम्हाला ठाऊक. म्हणून हात जोडून सांगतो, बंद खोलीत शेगडी, घमेलं, कोळसा पेटता ठेवून कुणीही झोपू नका. बाळंतिणीच्या खोलीत तर मुळीच नको.

त्या दिवसानंतर आम्ही काय बदललं, ते सांगतो.

शेडच्या खालच्या अंगाला ताडपत्री ठेवली, पण वर, छपराखाली, दोन्ही बाजूंना हातभर जागा जाळीची मोकळी सोडली. थंडीचा झोत कोंबडीच्या अंगावर येत नाही आणि कोंदट हवा वरून निघून जाते. पिलांना ऊब द्यायची तर बल्ब लावतो. वीज नसेल तर डालग्यात पेंढा घालून पिलं जवळजवळ ठेवतो. मोठ्या कोंबडीला थंडीत शेकोटीची गरजच नसते. पिसं फुगवून ती अंगाभोवती हवेची गोधडी करते. फक्त ती कोरडी असली पाहिजे.

शिटेवरचा तो पांढरा भाग आठवा. तो ओल्या तुसात कुजला की डोळ्यांना झोंबणारा अमोनिया सुटतो. आपण खुराड्यात वाकल्यावर आपले डोळे चुरचुरले, तर समजायचं की कोंबडीची श्वासनळी आतून सोलवटतेय. आणि सोलवटलेल्या श्वासनळीत रोग लवकर घर करतो. म्हणून तूस दर दोन-चार दिवसांनी हलवतो, ओलं झालेलं काढून उकिरड्यावर टाकतो, पाण्याचं भांडं विटेवर ठेवतो. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हाही श्वासातून पसरणारा रोग. पिलांच्या पहिल्याच आठवड्यात डोळ्यात-नाकात लसीचा थेंब पडलाच पाहिजे. पुढची लस कधी, ते दवाखान्यात विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

बाजाराला नेताना कोंबड्या पाय बांधून उलट्या लटकवायच्या, ही आपली जुनी रीत. आपल्या छातीत आणि पोटात मधे जो श्वासाचा पडदा असतो, तसा तिला नसतो. उलटी धरली की आतडी-कलेजी त्या पातळ हवेच्या पिशव्यांवर पडते, श्वास कोंडतो. आणि तिची छाती पुढं-मागं हलली तरच भाता हलतो. म्हणून पोरांनी पिलू मुठीत घट्ट आवळलं की नाक मोकळं असूनही ते गुदमरतं. कोंबडी दोन्ही हातांनी पंख मिटून, काखेत धरावी. बाजाराला पाटीत न्यावी.

औषधाचं पाणी चोच उघडून बदकन ओतू नका. जिभेच्या बुडाशीच श्वासनळीचं भोक असतं, पाणी सरळ फुप्फुसात उतरतं. चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडावा, तिला गिळू द्यावं.

उन्हाळ्याचं बोलायचं तर तिच्या अंगाचं तापमान एरवीच एक्केचाळीस अंशांच्या वर. आपल्याला हा ताप म्हणजे दवाखाना. तिला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते आणि श्वासावाटे अंग गार करते. आपल्याकडं मे महिन्यात हवाच तेवढी तापते, मग ती अंग गार करणार कुठून? दुपारी झाडाची सावली, माठातलं गार पाणी, पत्र्यावर पाचट, आणि दाणा सकाळी लवकर नाहीतर दिवस कलल्यावर. दुपारी दाणा खाल्ला की तो पचवताना अंग आणखी तापतं.

कुणाची कोंबडी कुंपण ओलांडून शेजारच्या रानात जात असेल तर भांडू नका. एकाच पंखाची लांब पिसं अर्ध्यावर कापा. तोल जातो, उडी जमत नाही. पूर्ण वाढलेलं पीस कापलं तर नख कापल्यासारखं, दुखत नाही. पण नव्याने फुटणाऱ्या, बुडाशी निळसर दिसणाऱ्या पिसात रक्त असतं. ते कापू नका.

शेवटचं, संक्रांतीचं. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ सालीच देशभर बंदी घातली आहे, तरी पोरांच्या हातात तो दिसतो. आता तुम्हाला माहीत झालंय, की पंख म्हणजे त्या पाखराचा हात आहे आणि त्याच्या हाडात श्वासही आहे. तो मांजाने कापला गेला की पाखरू नुसतं लंगडं होत नाही, त्याचं पोटच बंद होतं. जखमी पाखरू सापडलं तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका आणि दवाखान्यात न्या.

आमचं कर्ज फिटायला त्या वर्षी चार महिने जास्त लागले. गटाने व्याज माफ केलं नाही, आणि ते बरोबरच होतं. पण आक्कांचा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. एखादं जनावर मेलं की आता आम्ही शेजारणीकडं बघत नाही. आधी विचारतो, दुसरं का जगलं?

पुढच्या बैठकीला येताना तुमच्या खुराड्यात वाकून एकदा दीर्घ श्वास घेऊन या. डोळे चुरचुरले की नाही, एवढं येऊन सांगा. आणि ते हातातलं पीस पोरांना द्या. फट पाडून पुन्हा मिटवून दाखवा. राम राम.